घरातील जुनी चांदी खरी आहे की मुलाम्याची, हे घरच्या घरी कितपत कळते?

वेण्णाकाठ

नमस्कार. सासूबाईंच्या पश्चात त्यांच्या ट्रंकेतील चांदीची भांडी आणि दागिने आमच्याकडे आले असून, दोन्ही नणंदा आणि आम्ही मिळून त्यांची वाटणी करायची आहे. वस्तू अशा आहेत: एक तांब्या, एक फुलपात्र, एक जड समई, पैंजणांचे दोन जोड, काही जोडवी आणि कापडी पिशवीत बांधून ठेवलेले जुने रुपये. एकाही वस्तूची पावती नाही. तांब्याच्या बुडाशी काही तरी ठसा आहे, पण वर्षानुवर्षे रांगोळीने घासल्यामुळे तो वाचता येत नाही. फुलपात्राच्या काठाला आतल्या बाजूने पिवळसर झाक दिसते, आणि शंकेला सुरुवात झाली ती तिथूनच.

धाकट्या नणंदेने सर्व वस्तूंना चुंबक लावून पाहिला. समईच्या बैठकीखाली तो किंचित ओढला गेला. बाकी कशालाही चिकटला नाही. त्यावरून समई खोटी आणि उरलेले सगळे खरे, असा निकाल घरात जवळजवळ लागलेला आहे. मला हे पटत नाही. चांदीचा भाव किलोला लाखाच्या वर गेलेला असताना केवळ चुंबकावर वाटणी करणे योग्य वाटत नाही, आणि काहीच माहीत नसताना सगळे गाठोडे सराफाच्या पेढीवर नेऊन ठेवायचीही इच्छा नाही. वस्तूंना ओरखडाही न पडता घरी कोणती परीक्षा करता येईल, आणि तिच्यावर किती विसंबावे, हे जाणकारांनी सांगावे.

मापटे

चुंबकाची परीक्षा नकार द्यायला उपयोगी आहे, होकार द्यायला नाही. चांदीला चुंबक ओढत नाही हे खरे, पण तांबे, पितळ, जस्त, ॲल्युमिनियम आणि जर्मन सिल्व्हर यांनाही तो ओढत नाही. आणि चांदीच्या नावाखाली जे काही खपवले जाते ते बहुतेक याच धातूंचे असते. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदीचा अंशही नसतो. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. तेव्हा फुलपात्राला चुंबक चिकटला नाही, यावरून ते लोखंडाचे नाही एवढेच कळले.

बर्फाची परीक्षाही अशीच अर्धी आहे. चांदी ही उष्णता सर्वांत चांगली वाहून नेणारी धातू असल्याने तिच्यावर ठेवलेला बर्फाचा खडा झपाट्याने वितळतो. परंतु तांबे या बाबतीत चांदीच्या फार मागे नाही, त्यामुळे आत तांबे आणि वर मुलामा असलेली वस्तू या परीक्षेत बिनदिक्कत उत्तीर्ण होते. जर्मन सिल्व्हर आणि स्टील मात्र इथे पकडले जातात, कारण त्यांची उष्णतावाहकता चांदीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. वस्तू काळी पडते की नाही, यावरूनही फक्त पृष्ठभाग कळतो. कपडे पांढरे करण्याचे ब्लीच लावून पाहण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये. त्याने चांदीवर काळे डाग पडतात आणि ते सहजी जात नाहीत.

घरी करण्याजोगी आणि वस्तूच्या पोटातले सांगणारी परीक्षा माझ्या मते एकच आहे, ती घनतेची. शुद्ध चांदीची घनता १०.४९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. तांब्याची ८.९६, जर्मन सिल्व्हरची साधारण ८.६ ते ८.९ आणि पितळेची ८.४ ते ८.७ आहे. मुलामा कितीही सुबक असला तरी तो इतका पातळ असतो की त्याने हा आकडा हलत नाही.

रीत अशी. आधी वस्तू कोरडी तोलून वजन लिहून ठेवावे. मग स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर पाण्याने भरलेले पातेले ठेवून काटा शून्यावर आणावा. वस्तूला बारीक दोरा बांधून ती पाण्यात पूर्ण बुडेल, पण बुडाला वा कडेला टेकणार नाही, अशी हातात धरून ठेवावी. वस्तूने जेवढे पाणी बाजूला सारले तेवढ्या पाण्याचे वजन काट्यावर दिसते, आणि १ ग्रॅम पाणी म्हणजे १ घन सेंटिमीटर असल्याने तेच वस्तूच्या धातूचे आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. वस्तू टेकली तर तिचे स्वतःचे वजनच काट्यावर येते आणि सगळा हिशेब फसतो. बुडबुडे अडकू नयेत म्हणून पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकावा आणि तांब्या पाण्यातच आडवा करून गळ्याखाली अडलेली हवा काढून टाकावी.

काट्याची मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. पाच किलोपर्यंतचा घरगुती काटा एकेका ग्रॅमने पुढे सरकतो. समजा तांब्या ३०० ग्रॅमचा आहे. तो चांदीचा असेल तर पाण्यातला आकडा २९ च्या आसपास येईल आणि जर्मन सिल्व्हरचा असेल तर ३४ ते ३५ येईल. एवढा फरक असा काटा नक्की दाखवतो. परंतु ९२ टक्के चांदी आणि ८० टक्के चांदी यांतला फरक त्याला दिसणार नाही, कारण त्या दोन्हींच्या आकड्यांत एका ग्रॅमचेही अंतर नसते.

पंचगंगा

आमच्या घरात कोल्हापूरला दोन पिढ्या चांदीचा व्यवसाय होता, म्हणून धंद्याच्या बाजूने थोडे लिहितो.

मापटे यांनी सांगितलेली रीत भरीव वस्तूंसाठी उत्तम आहे. पण समईला ती तशीच लावू नका. चांदीची समई, उंच निरांजने, मूर्ती, चवऱ्यांच्या मुठी अशा वस्तू बहुधा पोकळ पत्र्याच्या करतात आणि त्या चेपू नयेत, स्थिर उभ्या राहाव्यात म्हणून आत लाख किंवा राळ ओततात. बैठकीखाली पत्र्याची चकती डाक देऊन, म्हणजे धातू वितळवून सांधून, बसवली की आतले काही दिसत नाही. मधून पुष्कळदा लोखंडी सळई किंवा मळसूत्र जाते. तुमच्या समईच्या बैठकीला चुंबक ओढला गेला तो बहुधा यामुळेच, आणि तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. अशी वस्तू पाण्यात तोलली तर घनता पाच-सहा इतकी हास्यास्पद येईल आणि तुम्ही नाहक घाबराल. समईचे भाग मळसूत्रावर फिरवून सुटे होत असतील तर वरची तबकडी आणि चोच तेवढी वेगळी काढून तोला; ती भरीव असते. लाख भरलेली वस्तू गरम पाण्यात कधीही घालू नये. लाख मऊ होते, फुगते आणि डाकाच्या सांध्यातून बाहेर येते. ॲल्युमिनियमचा कागद, खाण्याचा सोडा आणि उकळते पाणी वापरून चांदी उजळण्याची जी युक्ती सगळीकडे सांगतात, ती अशा वस्तूंना घातक आहे ती याचसाठी. वाटणीच्या दृष्टीने यात खरी मेख अशी की समईचे सगळे वजन चांदीचे नसते. विकताना लाखेचे वजन कापले जाते. घेताना ते कापले गेले होते की नाही, हे ज्याच्या त्याच्या सराफाला ठाऊक.

जोडवी आणि पैंजण यांची परीक्षा डोळ्यांनी होते. जोडव्याची खालची बाजू चालताना जमिनीला घासते, त्यामुळे मुलामा असल्यास तो सर्वांत आधी तिथे उडतो. उन्हात भिंग धरून पाहा: तिथे लालसर दिसले तर आत तांबे, पिवळट दिसले तर पितळ. जी जोडवी अनेक वर्षे पायांत होती आणि झिजून खालून चपटी झाली तरी झिजलेल्या जागी वरच्यासारखीच पांढरी आहेत, त्यांच्याविषयी मी तरी निश्चिंत राहीन. पैंजणांत कड्या एकमेकींवर घासतात तो आतला भाग आणि फासा पाहावा. फाशातील कमानीला चुंबक चिकटला तर दचकू नये, ती पोलादाची असू शकते. घुंगरांच्या पोटातील खडे आणि अडकलेली हवा यांमुळे पैंजण पाण्यात तोलण्याचा खटाटोप करू नये.

आणखी एक गोष्ट वाटणीआधी सर्वांनी समजून घेतलेली बरी. पैंजण खरे आहेत म्हणजे त्यांत नव्वद टक्के चांदी आहेच असे नाही. शुद्ध चांदी मऊ असते, रोजच्या वापराच्या पैंजणाला ती टिकत नाही, म्हणून तिच्यात तांबे मिसळावेच लागते, आणि किती मिसळायचे हे गिऱ्हाइकाच्या खिशावर ठरत आले आहे. साठ-सत्तर टंचाचे, म्हणजे शंभरात साठ-सत्तर भाग चांदी असलेले, पैंजण बाजारात सर्रास चालतात. माल साठ टंचाचा म्हणूनच विकला तर त्यात लबाडी नाही. लबाडी आहे ती साठचा माल नव्वदच्या भावाने देण्यात. हा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि घरच्या काट्यालाही नाही.

आम्लाच्या परीक्षेबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगतो. नत्राम्लाचा (नायट्रिक ॲसिडचा) थेंब टाकून रंग पाहण्याची पद्धत सराफीत जुनी आहे, तिच्या बाटल्या आता घरपोचही मिळतात. पण त्यातली काही द्रावणे डायक्रोमेटची असतात, ती विषारी आहेत, आणि तांबे या धातूवर नत्राम्ल पडले की निघणारी तपकिरी वाफ फुप्फुसांना अपाय करते. शिवाय वस्तूवर कायमचा डाग राहतो. घरात, लेकराबाळांत, हे करू नये.

वेण्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. आज दुपारी सर्वांच्या समोर तोलून पाहिले. तांब्या कोरडा ३१२ ग्रॅम भरला. पाण्यात आकडा ३० आला. पुन्हा पुन्हा बुडवूनही तोच. फुलपात्र ९६ ग्रॅम, पाण्यात ११. म्हणजे तांब्या या भांड्याची घनता १०.४ आणि फुलपात्राची ८.७ येते. समईची वरची तबकडी सुटी झाली; ती १४८ ग्रॅम आणि पाण्यात १४. जोडव्यांपैकी एका जोडाची खालची बाजू स्पष्ट लालसर आहे, बाकीची पांढरी आहेत.

फुलपात्र तांब्यासोबतचेच आहे अशी घरात समजूत होती, त्यामुळे मोठ्या नणंदेचा या आकड्यावर विश्वास बसत नाही. मोजण्यातली चूक इतकी मोठी असू शकते का?

मापटे

काटा अर्ध्या ग्रॅमने इकडे-तिकडे असू शकतो, असे धरून दोन्ही टोके तपासा. फुलपात्राचा खरा आकडा १०.५ ते ११.५ यांच्या दरम्यान असेल, म्हणजे घनता ९.१ ते ८.३ यांच्या मध्ये कुठे तरी. ते चांगल्या चांदीचे असते तर काट्यावर ९ दिसले असते. अडकलेल्या हवेमुळे आकडा वाढतो हे खरे, पण दीड-दोन घन सेंटिमीटरचा बुडबुडा उघड्या तोंडाच्या फुलपात्रात लपून राहणार नाही. पिवळसर काठ आणि हा आकडा एकमेकांना दुजोरा देतात, तेव्हा फुलपात्र मुलाम्याचे आहे असेच मी म्हणेन. जुने मूळ फुलपात्र हरवले आणि नंतर कोणी तरी दुसरे आणून जोडीला ठेवले, असे घराघरांत घडते.

तांब्याचा हिशेब त्याच पद्धतीने १०.२ ते १०.६ असा येतो. यावरून तो बहुतांशी चांदीचा आहे एवढे निश्चित. परंतु ८० टक्के चांदी आणि २० टक्के तांबे यांच्या मिश्रणाची घनता १०.१४ होते, आणि शुद्ध चांदीची १०.४९, म्हणजे तुमच्या पट्ट्यात ऐंशीच्या थोडे वरपासून शंभरपर्यंत सगळेच बसते. समईच्या तबकडीचा पट्टा याहून रुंद आहे, १०.२ ते ११ असा. ती चांदीची आहे, टंच विचारू नये.

नाणेघाट

रुपयांबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. जुना रुपया दिसला की लोक त्याला राणीछाप म्हणून मोकळे होतात, पण पिशवीतील प्रत्येक नाण्यावरचे साल आधी वाचावे, कारण अर्धी परीक्षा तिथेच होते.

राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या छापाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे नेमका एक तोळ्याचा असून त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे ९१.७ टक्के, असते. दुसऱ्या महायुद्धात सरकारला चांदी पुरेना, तेव्हा १९४० पासून सहाव्या जॉर्जच्या रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली. उरलेल्या निम्म्यात तांबे, निकेल आणि जस्त आले. वजन तेच राहिले, त्यामुळे तराजूत दोन्ही रुपये सारखेच भरतात आणि सर्वसाधारण माणसाला फरक कळत नाही. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे. मागे वाघ असलेल्या या रुपयाला चुंबक चक्क चिकटतो, आणि तरीही तो टांकसाळीचा अस्सल रुपया असतो. तुमच्या पिशवीला चुंबक लागला नाही म्हणजे त्यात हा रुपया नसावा.

एकेकटा रुपया घरच्या काट्यावर पाण्यात तोलण्यात अर्थ नाही. त्याचे आकारमान सव्वा घन सेंटिमीटरही नसते, मग ग्रॅमने सरकणारा काटा काय सांगणार? एकाच प्रकारचे दहा रुपये पातळ जाळीच्या पिशवीत एकत्र बांधून, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर पेल्यात बुडवून पाहावेत. जाळीचा आकडा आधी वेगळा घेऊन वजा करावा. ९१.७ टक्क्यांच्या दहा रुपयांना सुमारे ११.३ आकडा येतो आणि निम्म्या चांदीच्या दहांना १२.२ च्या आसपास. पुष्कळ हाताळलेले रुपये झिजून थोडे हलके झालेले असतात, तरी भागाकारात ते आपोआप सांभाळले जाते.

बनावट रुपया ओळखताना मी आधी कडेकडे पाहतो. अस्सल नाणे दाबाखाली ठोकलेले असल्याने त्याच्या कडेवरील आडव्या खाचा टोकदार आणि एकसारख्या असतात. साच्यात ओतलेल्या नकलेच्या खाचा बोथट असतात, कडेभोवती जोडाची बारीक रेघ कुठे तरी सापडते, आणि अक्षरांच्या आसपास सुईच्या टोकाएवढी छिद्रे भिंगातून दिसतात. नाणे बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच वाजवले की चांदीचा नाद लांबत जातो, ही जुनी परीक्षाही नाण्यांपुरती चांगली आहे. कडी डाकलेले किंवा तडा गेलेले नाणे मात्र अस्सल असूनही बद्द वाजते.

एक विनंती. रुपये घासू नका. विशिष्ट साल किंवा टांकसाळीच्या नाण्याला संग्राहक चांदीच्या मोलापेक्षा अधिक देतात, आणि रांगोळीने लखलखीत केलेल्या नाण्याकडे तेच संग्राहक बघतही नाहीत.

कोरा_कागद

घरच्या परीक्षेने ढीग वेगळे झाले असतील, तर पुढचे काम यंत्राचे आहे. हॉलमार्क देणाऱ्या मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात, आणि आता पुष्कळशा मोठ्या पेढ्यांवरही, क्ष-किरणांवर चालणारे टंच मोजण्याचे यंत्र असते. वस्तूला न दुखावता काही मिनिटांत चांदी, तांबे, जस्त यांची टक्केवारी मिळते. परंतु हे यंत्र पृष्ठभागाचा अगदी पातळ थर वाचते, त्यामुळे जाड मुलाम्याची वस्तू त्यालाही चकवू शकते. तांब्याच्या बाबतीत तुमच्याकडे घनतेचा आकडा आधीच असल्याने ही भीती उरली नाही. आत चांदीच आहे हे काट्याने सांगितले, किती आहे ते यंत्र सांगेल. झिजलेल्या कडेवर आणि बुडावर अशा दोन ठिकाणी तपासणी करायला सांगा. डाकाच्या सांध्यावर करू देऊ नका, तिथे टंच कमीच येतो.

पुढे नवी चांदी घेण्याची वेळ आली तर १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही सोन्यासारखा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असलेला हॉलमार्क मिळू लागला आहे. तो ऐच्छिक आहे, सोन्यासारखा बंधनकारक नाही, म्हणून मागून घ्यावा लागतो. क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घातला की वस्तूचा प्रकार आणि शुद्धता दिसते. नुसता ९२५ असा ठसा कोणीही उमटवू शकतो, त्याला एकट्याला काही वजन नाही. जुन्या इंग्रजी चहाच्या भांड्यांवरील ईपीएनएस ही अक्षरे तर उलट कबुलीच आहेत: जर्मन सिल्व्हरवर विजेने चढवलेला मुलामा.

पेढीवर एक पथ्य पाळावे. टंचाची चिठ्ठी हातात येईपर्यंत काहीही आटवू देऊ नये. लगडीत रूपांतर झाल्यावर कोणत्या वस्तूची किती चांदी होती, याचा वाद मिटवण्याचे साधन कोणाकडेच उरत नाही, आणि तुमच्या घरी तर तीन वाटेकरी आहेत.

वेण्णाकाठ

सर्वांनी एकत्रच केंद्रात जायचे ठरले आहे. तांब्या, तबकडी आणि पैंजण तपासून घेऊ. रुपये सालाप्रमाणे वेगळे करून, न घासता, मोजून वाटू. एक शेवटची शंका. फुलपात्र कोणालाच नको आहे, म्हणून ते मी देवघरात वापरायला ठेवून घेते आहे. त्यात काही धोका नाही ना?

पंचगंगा

पाण्याला आणि अक्षतांना खुशाल वापरा. मुलामा उडालेल्या जागी आतले तांबे किंवा पितळ उघडे पडलेले असल्याने दही, पंचामृत, लिंबू असले आंबट त्यात ठेवू नका, ते कळकेल. काठ फारच पिवळा पडला तर पुन्हा मुलामा देणारे कारागीर साताऱ्यातही भेटतील. मात्र काम देताना भांडे मुलाम्याचे आहे हे स्वतःहून सांगा आणि पावतीवर तसे लिहून घ्या.